प्रश्न सातवा

गेल्या साली तुझं शिफारसपत्र चेअरमनसाहेबांनी लिहिलं.
म्हणजे सेक्रेटरीनं लिहिलं, त्यांनी सही ठोकली.
त्यात तू दूरदृष्टीची होतीस, अष्टपैलू होतीस,
आणि एका वाक्यात तर चक्क पुरुष होतीस.

मार्चमध्ये नकार आला. चार ओळींचा, फार सभ्य.
त्या दिवशी तू मॅकरेलची सहाशे खोकी मोजलीस
आणि दोनदा चुकलीस.
मी काही बोललो नाही.
शीतगृहात बोललं की तोंडातून वाफ निघते,
शब्द ऐकू यायच्या आधीच दिसतात.

मग बर्फाच्या खोलीबाहेर, उलट्या क्रेटवर
तुझं गणिताचं पुस्तक दिसायला लागलं.
पानांना मासळीचा वास.
परीक्षा पुन्हा दिलीस. किती गुण, ते मी विचारलं नाही,
पण त्या संध्याकाळी तू सगळ्यांना
तळलेली केळी खाऊ घातलीस.

आणि आता हा फॉर्म माझ्यापुढे.
“कोर्ब्ला अंकल, यंदा तुम्हीच लिहा.”
मी! तेमा बंदरातला गोदामाचा मुकादम.
माझं आजवरचं सगळ्यात लांब लिखाण
कॉम्प्रेसर बिघडल्याची तक्रार.

फॉर्मात चौकटी आहेत.
भेटलेल्या माणसांत ही कितवी?
वरच्या दोन टक्क्यांत? पाच? दहा?
मी खरंच मोजायला बसलो. चौतीस वर्षांची माणसं.
हमाल, ड्रायव्हर, कस्टमचे कारकून,
आणि तो म्हातारा सेनानू, जो बंद कंटेनरच्या दाराला
नाक लावून आतला मासा सांगायचा.
त्याला कुठल्या टक्क्यात बसवू?
चौकट रिकामी सोडली, तर कॉम्प्युटर म्हणाला,
रिकामी चालणार नाही.

प्रश्न सातवा:
तुम्ही कधी तिचे कान टोचलेत का? तिनं काय केलं?

टोचले ना. ऑगस्टात.
जनरेटर बंद पडला त्या रात्री
तू माझी परवानगी न घेता
धुरी देणाऱ्या बायकांना फोन लावलेस, एकेकीला, नाव घेऊन.
पहाटेपर्यंत अकरा टन माल गेला,
पडत्या भावात, उधारीवर.
सकाळी सगळ्यांदेखत मी तुला झापलं.
विचारून करायचं असतं, द्झिफा!
तू मान खाली घालून वही पुढे सरकवलीस,
कुणाकडे किती येणं, कुठल्या तारखेला.
नऊ आठवड्यांत वसूल झालं,
एक सोडून. ते तू पगारातून भरलंस,
हे मला पुढे भलत्याकडूनच कळलं.

इथवर लिहून पेन थांबलं.

कारण तू विचारलं होतंस.
तीन वाजायच्या आत तीनदा.
माझा फोन बंद होता. नातवाचं बारसं होतं,
मी थोडी घेतली होती, आणि ऑफिसला मी सांगितलं
की टॉवरला रेंज नव्हती.

मग आठवलं, गेल्या साली तुझा निबंध वाचला होता.
त्यात बारा जणांचं नेतृत्व होतं,
खर्चातली सात टक्के बचत होती,
ती रात्र नव्हती.
मला वाटलं, तोट्याची गोष्ट कोण सांगेल?
तोट्यासाठी नव्हे गं,
माझ्यासाठी गाळली होतीस.

अकरा महिन्यांनी मी निवृत्त होईन.
चेअरमनसाहेब हे पत्र वाचणार नाहीत,
पण त्यांची सेक्रेटरी सगळं वाचते.

लिहिलं.
‘तिचे कान टोचले. चूक माझी होती.
फोन बंद होता. रेंज होती.’
व्याकरण तपासून घे म्हणालीस, ते तपासलं नाही.
जिथे तू आहेस, तिथे तूच आहेस, एवढं पाहिलं.

आता उरली ती चौकट.
बाहेर ट्रक लागलाय, हॉर्न देतोय.
तू ओरडतेयस, अंकल, चावी!

थांब. आलो.