अकरा किलो सहाशे

सातव्या महिन्यात कुणी विचारत नाही,
काय काय पाहिलंस.
विचारलंच तर सांगेन
उदगीरच्या स्टँडमागच्या लॉजमधली बादली:
बुडाला चीर, चिरीवर डांबर,
आणि बोअरचं पाणी, ज्यात साबण फेस धरत नाही.
अंगावर वाळलं की दंडावर पांढरे ओघळ उरतात.

खोली मिळाली तीही तिसऱ्या दारात.
पहिल्या दोघांनी माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं,
"सोबत कोण हाय?"
मी पाठ फिरवून सॅक दाखवली.
हसले नाहीत.
तिसऱ्यानं रजिस्टर पुढं सरकवलं.
'येण्याचे कारण' या रकान्यात
लातूरला लिहिलं होतं परीक्षा,
परळीला दर्शन,
हिंगोलीत मावशी आजारी.
इथं हात दुखत होता, नुसती आडवी रेघ मारली.
त्यानं ती रेघ नीट वाचली,
तीनशे रुपये दोनदा मोजले.

पंखा पाचावर फिरतो नाहीतर थांबतो.
ढेकणांसाठी दिवा चालू.
कडीला माझं कुलूप, दाराला खुर्ची.
चार्जिंगचा पॉइंट आरशाच्याही वर, वायर पुरत नाही,
म्हणून फोन चपलेत
आणि चप्पल खिळ्याला.
असा फोन वाजतो, आई विचारते, जेवलीस का.
चपलेच्या दिशेनं मी ओरडते, हो.

कुडते दोनच.
मार्चचं ऊन तासाभरात वाळवतं, पण पापडासारखं;
घातला की काखेत कुरतडतो.
कंधारच्या भज्यांपासून पोटावर भरवसा नाही.
एसटीत बसायच्या दोन तास आधी पाणी बंद.
बस कुठं थांबेल हे कंडक्टरला विचारता येतं,
का विचारतेय ते नाही.

मोंढ्यातून जाताना डावा पट्टा शिलाईतून सुटला.
दाभण कुणाकडं मिळेल म्हणून पोत्यांच्या थप्पीशी थांबले.
मन्मथप्पांनी टोपीतून दाभण काढलं, कमरेची सुतळी काढली,
सॅक एका हातानं तोलली,
"किती वजन हाय गं माय हे?"
माहीत नव्हतं.
त्यांनी उचलून काट्यावर ठेवली.
अकरा किलो सहाशे.
"सोयाबीन असतं तर आजच्या भावानं पाचशे दहा."
"आत ओला टॉवेल आहे."
"मग कटती लागंल,"
थप्पीवरचा एक जण म्हणाला, आणि सगळे हसले.
मीही. बऱ्याच दिवसांनी कुणाबरोबर तरी.

टाका घालता घालता त्यांनी विचारलं,
"हे उचलायचे तुला किती भेटतात?"
"काहीच नाही. माझेच जातात."
सुतळी अर्ध्यात थांबली.
थप्पीवर कुणी हसलं नाही.
मला सांगता आलं असतं काहीबाही, मोकळं वाटतं वगैरे.
त्यांच्या उजव्या खांद्यावर घट्टा होता
सुपारीएवढा, तेल लावल्यासारखा चकचकीत.
मी गप्प राहिले.

पैसे घेतले नाहीत.
रिकाम्या पोत्याचा तुकडा फाडून
चौघडी घातली, पट्ट्याखाली शिवून दिली.
"असं घे. हाड वाचतंय."
बस.

निलंग्याच्या गाडीत दोन तास शिंकत होते.
खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली,
शेजारच्या बाईच्या मांडीवर झोपलेलं पोर
माझ्या कुडत्यावर लाळ गाळत होतं,
खांदा मात्र दुखत नव्हता.

रात्री नव्या लॉजमध्ये, नव्या डागांच्या चादरीवर
पाठीखाली काहीतरी टोचलं.
झटक्यात उठले, टॉर्च लावला,
चप्पल उगारली.

सोयाबीनचे दोन दाणे.
रजिस्टरात आज काय लिहिलं होतं
ते आठवत मी ते उशाला ठेवले
आणि कितीतरी दिवसांनी
दिवा मालवून झोपले.
तासाभरानं खरे ढेकूण आले.