काना

एम. जी. रोडवरच्या दुकानात
पोऱ्याने काचेवर चार पेनं मांडली,
सोनार अंगठ्या मांडतो तशी.
हे चार्जिंगचं, हे बिनचार्जिंगचं,
ह्याला दाबाच्या चार हजार पायऱ्या.
बाबांनी विचारलं, "आणि रंग किती धरतं?"

पोऱ्या हसला. मी नाही हसले.
आडगाव नाक्यापासून सातपूरपर्यंत
शटरं, पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या,
मग फ्लेक्स आला.
ब्रश मात्र अजून तेलात बुडवून ठेवतात,
उद्या कुणी बोलावलं तर.

ॲपचं मी समजावलं.
एकाला महिन्याच्या महिन्याला पैसे.
"भाडं? ब्रशला?"
एक कायमचं विकत, पण आपल्या टॅबवर चालत नाही.
एक फुकट, मधेमधे जाहिराती दाखवतं.
इथे ते थांबले.
"जाहिराती? कोण रंगवतं?"

चारही पेनं त्यांनी एकाच अक्षरावर तोलली: ळ.
पहिल्याची रेघ मागून आली,
उधारीच्या गिऱ्हाईकासारखी.
दुसरं घसरलं. तिसरं नुसतं टिकटिकलं.
चौथ्याला त्यांनी करंगळी टेकवली,
भिंतीवर टेकवतात तशी.
"हात टेका काका बिनधास्त,
काचेला फक्त टोक कळतं."
बाबांनी करंगळीकडे पाहिलं.
"म्हणजे हिचं काम गेलं."

मग पोऱ्याने दाखवलं:
दोन बोटं टेकवली
की शेवटची रेघ मागे जाते.
बाबांनी ळ काढला, घालवला,
काढला, घालवला.
मागची गिऱ्हाइकं खोळंबली.
अठराशेचं सोळाशेला घेतलं.

पंचवटीत, रिक्षा वळते तिथे,
मागच्याच्या मागच्या कुंभातली पाटी आहे, बाबांच्या हातची:
भक्तनिवस.
मालकाने दोनशे कापले आणि पाटी तशीच लावली.
तिथून जाताना बाबा नेहमी
समोरच्या रसवंतीकडे बघतात.
आज पाटीकडे बघितलं.
रिक्षाच्या दांडीवर
दोन बोटं हळूच टेकवली.

पाटी तशीच.

घरी फुकटचं ॲप उतरवलं.
आधी सिमेंटची जाहिरात आली,
ती त्यांनी शेवटपर्यंत पाहिली:
"अक्षर बसकं आहे."
मग कोरा पांढरा चौकोन.
करंगळी टेकवून, श्वास धरून,
वरून खाली
एकच उभी रेघ.

"पुढे?" मी म्हटलं.
"पुढे काही नाही. काना आहे.
ठेव जपून."