मला येत नाही

सकाळी चावी फिरवली की गाडीला पेट्रोलचा वास मारतो
असं कुमुद म्हणते.
मला येत नाही.
फोंड्याच्या पंपावर एकतीस वर्षं नळी धरली,
संध्याकाळी दारातच तिचं ठरलेलं:
हात धू. साबणानं. दोनदा.
पेट्रोल माझ्या नाकानं कधीच वजा करून टाकलंय.
बाकी सगळं येतं.
वरच्या वाड्यावरची काजूची भट्टी,
कुळागरात कुजलेली सुपारी,
शेजारणीनं झाकून ठेवलेले सुके बांगडे.
ज्याच्यावर घर चाललं, फक्त तेवढंच येत नाही.

गाडी बोरीला मिंगेलकडे नेली.
त्यानं बॉनेट उघडून डोकं आत घातलं,
म्हणाला, काहीच नाही, पात्रांव.
दोनदा नेली. दोनदा काहीच नाही.
बोरी येईस्तोवर इंजिन तापतं
आणि आमची झेन सज्जन होते.

तिसऱ्यांदा त्यानं मलाच उभं करून विचारलं.
वास पुढून की मागून?
इंजिन लागायच्या आधी की नंतर?
काळा धूर? खोकते काय?
मी दवाखान्यातल्या नवऱ्यासारखा,
दुखणं बायकोचं आणि उत्तरं पाठ नाहीत.
फोन लावून दिला त्याच्या हातात.

पुढून, म्हणाली कुमुद. बॉनेटमधून, डावीकडे जास्त.
चावी फिरवली की लगेच, इंजिन लागायच्याही आधी.
तुळशीपर्यंत येतो.
पोदेर पाव देऊन वळेपर्यंत जातो.
ज्या दिवशी धुकं, त्या दिवशी जास्त.

मिंगेल थोडा वेळ बोललाच नाही.
मग मला म्हणाला, तू बस, ही बाई मला गॅरेजात हवी.
आज रात्री गाडीला हात लावू नको. सकाळी मीच येतो.

पावणेसहाला आला. कानावरची विडी काढून
लांब, गडग्यावर ठेवली.
टाकीचं झाकण पाहिलं. ठीक.
खालची नळी बोटांनी चाचपली, कोरडी.
मग म्हणाला, पांढरं फडकं द्या.
कुमुदनं जुना अभ्रा फाडला.
तो त्यानं इंजेक्टरखाली अंथरला, झोपलेल्या पोराखाली
दुपटं सरकवावं तसा,
आणि बॅटरी धरून मला म्हणाला,
फिरव. एकच टप्पा. स्टार्ट नको.

मागे पंप दोन सेकंद गुणगुणला.

अभ्र्यावर एक डाग उठला, रुपयाएवढा.
आम्ही तिघं वाकून बघत असताना
कडेकडेनं वाळत गेला.

रबराची कडी, मिंगेल म्हणाला. म्हातारी झाली.
थंडीत आकसते, वाट देते.
तापली की फुगून वाट मिटवते.
तोवर तू माझ्याकडे पोचतोस, शहाणा.
आणि मग, पाना शोधता शोधता, सहज:
एक ठिणगी पुरली असती हं.

महिनाभर मी ही गाडी चालवली,
मागच्या सीटवर नातीला बसवून शाळेत सोडलं.
महिनाभर कुमुद सांगत होती.
महिनाभर मी म्हणत होतो, तुला भास होतात.
हे मी मिंगेलला सांगितलं नाही.
तिलाही सांगायची गरज नव्हती,
ती अभ्र्याची घडी घालत होती, उगाचच, चार चार वेळा.

नवी कडी बसली. डब्यातली, वीस रुपयांची.
पोदेराचा भोंपू वळणावर वाजला तेव्हा
इंजिन लागलं. कुमुद तुळशीपाशी उभी राहिली,
डोळे मिटून, नाक वर करून,
आणि आम्ही दोघे पुरुष तिच्या तोंडाकडे बघत.
नाही, म्हणाली. गेला.

जुनी कडी माझ्या तळव्यावर होती,
काळी, चिरलेली, नखाएवढी.
नाकाशी धरली. काहीच नाही.
तिच्यापुढे धरली,
तिनं लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात फिरवायची तसं
झटकन तोंड फिरवलं.

हात धू, म्हणाली.
साबणानं.