काचघरातला तरोटा

मोठ्या आईच्या डोळ्याची पट्टी निघाली
आणि गावची बस होती चारला.
मधले तीन तास कुठे ठेवायचे,
म्हणून कंपनीबागेत शिरलो.

बागेच्या मधोमध काचघर.
कुण्या जंगलसाहेबाने विलायतेहून मागवलेलं,
आधी आगगाडीने, मग बैलगाडीने;
अर्ध्या काचा म्हणे वाटेतच फुटल्या.
तिकडे थंडीत झाडं जगावीत म्हणून असली घरं बांधतात.
इथे पंचेचाळीस डिग्री.
म्हणून लटारी कोवे दर फाल्गुनात शिडी लावतो,
काचांना चुना फासतो, वर पोती अंथरतो,
दाराशी कूलर, त्याला वाळ्याची ताटी.
उन्हासाठी बांधलेलं घर
शंभर वर्षं उन्हापासूनच लपतंय.

"मंग काच कायले लावली व?"
लटारी हसला. "थेच त मी बी इचारतो, बाई.
एकवीस वर्षं झाले."

आत ओल्या भिंतीचा वास.
नेचे, नुसते नेचे,
आणि एक ऑर्किड,
जे यंदा फुलेलच असं
बदली झालेला प्रत्येक साहेब सांगून गेला.
पत्र्याच्या पाट्यांवरची गंजकी लॅटिन नावं
मी अडखळत वाचून दाखवत होतो.
ती काळा चष्मा कपाळावर सरकवून
भलतीकडेच बघत होती.

नळ गळतो तिथे, कुंडीमागच्या फटीत,
पानांच्या तीन-तीन जोड्या, कोवळ्या,
"तरोटा! वैशाखात!"

वर्षभर मला तिने
आवाजावरूनच ओळखलं होतं.

लटारीने खुरपं काढलं. "तन आहे. उपटाचंच होतं."
"फेकू नको रे बाप्पा."
"सरकारी जागा आहे, बाई."
"मंग काय सरकारनं पेरला?"

डॉक्टरांनी सांगितलेलं, वाकायचं नाही.
ती वाकली नाही. उकिडवी बसली,
एकेक शेंडा नखाने खुडत.
मूठ, दीड मूठ.
नेच्यांकडे तिने बघितलंही नाही.
लटारीने त्यातला चिमूटभर मागून घेतला,
एकवीस वर्षं तो इथलं फेकतच आला होता.

बसमध्ये पदराची गाठ मांडीवर.
लसूण आहे का घरी, एवढंच विचारलं.
मग फाटा ओलांडल्यावर म्हणाली,
काच सरकव.
गरम वारा येईल, म्हटलं.
येऊ दे, म्हणाली,
धुरे नीट दिसत नाहीत.