दोन नंबरचं

मेडिकलच्या ओपीडीत बाकावर
आधी गुडघा बसतो, मग मी.
आठला केसपेपर, साडेअकराला डॉक्टर.
गहाणे नावाचा पोरगा, ब्रह्मपुरीकडचा, हात थंडगार.
गुडघ्यातलं पाणी सुईनं ओढलं त्यानं,
पिवळं, उसाच्या रसासारखं गढूळ.
म्हणाला, मावशी, चांगलं असतं ना,
तर ह्याच्यातून पेपर वाचता आला असता.

मग रक्ताच्या तीन नळ्या.
नळीवर कौतिका बारापात्रेचं
कौशल्या बारापात्रे करून ठेवलेलं.
मी दुरुस्त करायला लावलं.
ह्याचं काय करता बाप्पा?
तुमच्या पेशींना थोडी कूर्चा दाखवू म्हणे,
काचेच्या ताटलीत.
पाहू, गप राहतात का चवताळतात.

कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचं ते
पांढरं, गुळगुळीत.
सावजी रश्शातल्या हाडावरून
पोरं दातानं सोलून खातात ते.
मीही जन्मभर खाल्लं, कुर्रकुर्र.
पण आपल्यातलं आपल्या रक्तानं
कधी पाहिलेलंच नसतं.
तिथवर एक शीर जात नाही, म्हणाला.
आणि तिच्यातलं कोलॅजेनही दोन नंबरचं.
मी फस्सकन हसले.
आमच्या तांडापेठेत दोन नंबरचं म्हणजे
पोलीस येईस्तोवर मागच्या दारानं गेलेलं.
तो हसला नाही. त्याला खरंच तसं म्हणायचं होतं.

तेव्हा आठवले आमचे हे.
विणकर सोसायटीत रात्रपाळीला माग चालवायचे,
उजेडात कोणाला दिसले नाहीत.
नवीन राखणदार ठेवला, भंडाऱ्याचा, इमानदार माणूस.
पहाटे चारला हे पाणी प्यायला बाहेर आले
आणि त्यानं काठी घातली.
अबे, मी घरचाच आहे ना बे! हे ओरडत होते,
तो मारत होता.
त्याचं चुकलं काय, सांगा.
चोर पकडायलाच ठेवलं होतं त्याला.
ओळख करून द्यायची कोणाला सुचलं नाही.
नंतर रोज संध्याकाळी दोघं एका बशीत चहा घ्यायचे,
पण ह्यांचा पाय शेवटपर्यंत सरळ पडला नाही.

माझा राखणदार बावीस वर्षं झाली मारतोय.
आधी बोटं. धोटा सुटला हातातून,
फणीत धागा ओवता येईना.
सकाळी मूठ मिटायला तासभर,
तोवर चहाचा कप दोन्ही पंजांत
चिमणीचं पिल्लू धरल्यासारखा.
शनिवारी सात गोळ्या. त्यानं त्याला गुंगी येते,
तो पेंगतो, मला चार पावलं टाकता येतात.
आणि पेंगतो म्हणून खोकला शिरतो घरात.

रिपोर्टाची वाट पाहण्याच्या आठवड्यात पोळा आला.
दुसऱ्या दिवशी जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत निघाली.
सूनबाईनं खुर्ची चौकापर्यंत आणून दिली.
गर्दी ओरडत होती, रोगराई घेऊन जा गे मारबत!
माझंही तोंड उघडलं, मग मिटलं.
घेऊन जा म्हणू तर काय?
त्याला? गेल्या साली डेंग्यूत
गल्लीत दोघं गेले, मी उठून बसले,
ते ह्याच्याच जिवावर.
मी पेढ्याचा तुकडा नातवाच्या तोंडात घातला
आणि म्हटलं, चल, ऊन लागतं.

आठवड्यानं गेले. चवताळल्या, म्हणाला गहाणे.
सगळ्यांच्या नाही चवताळत मावशी,
बाजूच्या पलंगावरच्या बाईच्या गप राहिल्या,
तिचाही गुडघा तुमच्याएवढाच सुजला आहे.
मग? मग काय, तेच तर शोधून राहिलो.

मले दाखव म्हटलं.
त्यानं दुर्बिणीसमोर स्टूल सरकवलं,
मान धरून माझा डोळा नळीला लावला.
जांभळे ठिपके. कशाला तरी घेरून
दाटीवाटीनं उभे.
खळ जास्त झालेल्या सुताला गाठी पडतात, तसे.
ह्या तुमच्याच, मावशी.

मी बराच वेळ पाहत राहिले.
एकही ओळखीची वाटली नाही.