माना

कुताइसीत बसस्टँडला लागून माझा स्टुडिओ.
पासपोर्टचे फोटो. कान दिसू देत, हसू नका,
हनुवटी जरा खाली. झालं.
वीस वर्षं हीच वाक्यं.

बायका इटलीला जातात,
कुणाच्या तरी म्हाताऱ्यांचं करायला.

त्सियाला थेट बेकरीतून आली,
भुवईवर पीठ. म्हटलं, पुसा.
पुसलं. फोटो झाला, सरकारला हवा तसा.
मग उगाच विचारलं, एक माझ्यासाठी काढू?
ती स्टुलावर फिरली, पाठ केली माझ्याकडे.
"तोंड मी घेऊन चाललेय. हे ठेवा."

मानेवर सुटलेली एक बट,
ड्रेसचं वरचं हुक चुकीच्या घरात,
आणि पीठ, तिथलं पुसायचं राहिलेलं.
फोकस करताना माझाच हात हलला.

तेव्हापासून मागूनही काढतो.
फ्लॅश बंद. खिडकीचा उजेड
मानेला बरा पडतो, हे उशिरा कळलं.
भिंतीवर आता एकेचाळीस माना.
लोक म्हणतात, गुरामचं डोकं फिरलंय.

परवा एक पोरगा आला, पाठीला दप्तर.
काही न विचारता भिंतीपाशी गेला,
वरच्या ओळीकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
"स्टूल घेऊ का?
हात पुरत नाही."