एकशे सत्त्याऐंशी

आज सकाळी कादाकस एकशे सत्त्याऐंशीवा आहे.
हेल्दुरने मला हे बोटीच्या धक्क्यावर सांगितलं,
टोपी कानांवर ओढत,
काल रात्री उणे अकरा होतं
हे सांगावं तशा आवाजात.

कादाकस म्हणजे आमच्या बेटावरचं खुरटं झुडूप.
चुनखडीत रुजतं, वाऱ्याकडे पाठ करून वाढतं,
त्याच्या लाकडाच्या लोणी लावायच्या सुऱ्या करतात.
हेल्दुरने आपल्या लिनक्सला तेच नाव दिलं
बावीस वर्षांपूर्वी, बायको माहेरी गेली होती तेव्हा.
परत येऊन ती म्हणाली, हे काय?
तो म्हणाला, चालू होतं.
आणि बंद?
त्यावर तो अजून काम करतो आहे.

यादीचा हिशेब सोपा.
नावावर कुणी टिचकी मारली, एक गुण.
मारून तोंड वाकडं करून निघून गेला, तरी एक.
ज्याने उतरवून घेतलं, बसवलं, नऊ वर्षं वापरलं
त्याचं काहीच नाही,
कारण तो पुन्हा बघायला आला नाही.
कशाला येईल?
पोट दुखत नाही तो माणूस
वैद्याचं घर विचारत फिरत नाही.

मी तिकीटखिडकीत बसते.
पलीकडून किती आले ते मला रोज कळतं,
मोटारी किती, सायकली किती.
किती जण राहिले, ते नाही कळत.
आणि जे बेटावरच जन्मले
त्यांनी तर इथे यायचं तिकीट कधी काढलेलंच नसतं.

ओरिस्सारेच्या वाचनालयात वाइके आहे.
अकरा वर्षं कादाकसवर पुस्तकं नोंदवते.
मी विचारलं, कोणतं लिनक्स आहे गं तुझ्याकडे?
म्हणाली, लिनक्स? नाही बाई,
आमच्याकडे साधा कॉम्प्युटर आहे.

मार्चमध्ये मात्र आम्ही एक्केचाळिसावे होतो.
पाच दिवस.
हेल्दुरने एक ओळ चुकीची लिहिली
आणि रात्रीत ज्यांनी ज्यांनी अपडेट घेतलं
त्यांच्या यंत्रांना आपलीच डिस्क ओळखू येईना.
लाकूडगिरणीचा वजनकाटा अडला.
मग लोक आले. लिस्बनहून, सोलहून,
जिथे आमचं बेट नकाशात असल्याचंही कुणाला ठाऊक नव्हतं तिथून,
रस्त्यात उलटलेल्या ट्रकभोवती जमतात तसे.
आलेख असा चढला
की माझा भाचा तान्नो केक घेऊन आला. अभिनंदन.
हेल्दुर तीन रात्री झोपला नव्हता.
केक त्याने खाल्ला,
एका हाताने. दुसरा कीबोर्डवर होता.

सहाव्या दिवशी दुरुस्ती पोचली.
गिरणी सुरू झाली, आणि आम्ही घसरलो.
अठ्ठ्याण्णव. एकशे तीस. एकशे चौसष्ट.
तो प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत होता,
पोराचा ताप उतरताना
थर्मामीटर वाचावा तसा.

यादी खोटं बोलते असं मी म्हणत नाही.
आज कुणाला कुणाचं कुतूहल वाटलं
एवढंच तिला विचारलंय, ती तेवढंच सांगते.
नवस बोलायला आलेले ती मोजते,
फेडून घरी गेलेले मोजत नाही.
वरचे पहिले दहा चांगलेच असतील.
मी त्यांच्यावर जळत नाही.
थोडी जळते.

मग रोज का बघतोस, मी हेल्दुरला विचारलं.
वर गेलो असू तर कुठेतरी काहीतरी मोडलंय, तो म्हणाला,
ते मला गिऱ्हाइकाआधी कळायला हवं.
आणि आज?
आज एकशे सत्त्याऐंशी. आज मी जाळी दुरुस्त करणार.

साडेआठची बोट लागली.
चार मोटारी, नऊ माणसं,
आणि एक कुत्रं, ज्याची नोंद
माझ्या कोणत्याच रकान्यात होत नाही.
ते सगळ्यांच्या आधी उतरलं
आणि ओळखीच्या वाटेने
न थांबता घरी गेलं.